माळव्याची भिल्ल पलटण

देवासच्या टेकडीवर देवीची दोन स्थाने आहेत. मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा या दोघी बहिणी होत, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. आणि एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे न जाता खाली उतरणारा भाविक विरळाच. या टेकडीच्या पायथ्याशी मराठी माणसांनी जे राज्य उभारले तेही असेच दुहेरी होते. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे बस्तान बसविले, आणि पुढे त्यांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, परंतु राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन आणि पोलीसही दोन. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार प्रथम पाहुणा म्हणून आणि पुढे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस म्हणून येथे राहिला. त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकाला याच देवीच्या टेकडीचे नाव दिले आहे, आणि या दुहेरी कारभाराचे त्यास वाटलेले नवल त्या पुस्तकात जागोजाग दिसते.

वकिली पेशाच्या माणसास देवासचा हा इतिहास वाचताना पहिली शंका येते ती ही की, रस्त्याच्या या बाजूस गुन्हा करून चोर त्या बाजूस गेला तर त्यास धरावे कोणी? परंतु ही शंका वरवरची आहे. दोन पोलिसांचे अंगरखे वेगळे असले तर त्यांच्यातील अंतर डोळ्यांना दिसते आणि त्याची तोड करारनाम्याने निघते. खरा प्रश्न आहे तो एकाच अंगरख्याच्या आत राहणाऱ्या अंतराचा. एकाच फौजेत, एकाच ठाण्यात, एकच पट्टा कमरेस बांधून निरनिराळ्या जातींची, भाषांची आणि रीतींची माणसे उभी केली, तर ती एकमेकांची केव्हा होतात? हुकूम निघाला म्हणजे होतात काय? पगार मिळाला म्हणजे होतात काय? या प्रश्नाचे उत्तर देवासला नव्हे, तर शेजारच्या धार प्रांतात आणि सातपुड्याच्या अलीकडे आपल्या खानदेशात सापडते. ते उत्तर थोडेसे कडू आहे. म्हणूनच वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम धारची हकीकत पाहू. १८५७ च्या वर्षी धारच्या गादीवर आनंदराव पवार हे तेरा वर्षांचे बालराजे नुकतेच आले होते. राज्याची मदार बव्हंशी भाडोत्री शिपायांवर होती. त्यांत अरब होते, मकराणी होते आणि ज्यांस त्या काळी ‘विलायती’ म्हणत ते अफगाणही होते. निरनिराळ्या मुलखांची माणसे एका फौजेत असणे हीच जर विविधता, तर धारची फौज त्या बाबतीत कोणासही हार जाणारी नव्हती. पण या माणसांना धारशी बांधणारा धागा एकच, आणि तो म्हणजे पगार. त्यांची घरे येथे नव्हती, सोयरीक येथे नव्हती आणि त्यांचे सुखदुःख ऐकणारे दरबारात कोणी नव्हते. दरबार त्यांना भीत होता आणि ते दरबाराला जुमानीत नव्हते. त्या वर्षीच्या धामधुमीत धारचा किल्ला त्यांनी बळकाविला. ऑक्टोबरच्या २२ तारखेस इंग्रजी फौजेने वेढा घातला आणि महिनाअखेरीस फौज आत शिरली, तेव्हा शिपाई रात्रीच निसटून गेले होते. ते गेले, शिक्षा मात्र संस्थानाला झाली. धारचे राज्य जप्त झाले आणि १८६० साली ते परत मिळाले तेव्हा बेरसियाचा परगणा त्यातून गेला तो गेलाच. ज्यांचा राज्याशी पगारापलीकडे संबंध नव्हता, त्यांच्या करणीचे प्रायश्चित्त एका अजाण राजाला घ्यावे लागले.

आता भिल्लांकडे वळू. भिल्ल हा रखवालीस परका नव्हे. खानदेशातील गावगाड्यात जागल्या म्हणून रात्रीची गस्त घालणारा बहुधा भिल्लच असे. डोंगरातील नाईकांकडे घाटवाटांची राखण असे आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. चोरीचा माग काढावा तर तो त्यांनीच. राजस्थानात तर मेवाडच्या राण्याच्या कपाळी राज्याभिषेकाच्या वेळी भिल्लाने आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावावा, असा प्रघात असल्याचे जुन्या ग्रंथांत नमूद आहे. म्हणजे समाजात त्यास स्थान नव्हते असे नाही, मानही होता. आपल्या देवालयांत पालखीच्या वेळी अब्दागिरी कोणी धरावी, दिवटी कोणी पाजळावी, वाजंत्री कोणी वाजवावी हे ठरलेले असते आणि त्या त्या घराण्यास त्याचा अभिमान असतो, तसाच हा प्रकार. परंतु वर्षातून एका दिवसाचा मान निराळा आणि उरलेल्या दिवसांची सोबत निराळी. टिळा लावणारा हात दुसऱ्या दिवशी पंगतीस चालत होता काय, हे विचारले म्हणजे त्या मानाची खोली कळते.

पेशवाईच्या उत्तरार्धात हा जुना बंदोबस्त मोडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या भीषण दुष्काळाने आणि पेंढाऱ्यांच्या व फौजांच्या धुमाकुळाने खानदेश ओस पडला. हक्क बुडाले आणि रखवालदारच लुटारू झाले. त्यावर राज्यकर्त्यांनी योजलेला उपाय सांगताना लेखणी अडखळते. कोपरगावास भिल्लांच्या एका मोठ्या जमावास बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून घेतले, दगा करून पकडले आणि विहिरींत लोटले. हे आपल्याच राज्यात, आपल्याच अंमलदाराच्या हुकुमाने घडले. अशा कृत्यानंतर कोणत्या भिल्लाने कोणत्या सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवावा?

१८१८ नंतर इंग्रजांनीही प्रथम बंदुकीचाच उपाय करून पाहिला आणि तो फसला. तेव्हा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२५ साली, भिल्लांचीच एक पलटण उभारावी असे ठरले. हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आले. तो काही दिवसांपूर्वी याच लोकांशी लढला होता. आता तो त्यांच्या वस्त्यांत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला आणि त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करू लागला. तरी आरंभी त्यास माणसे मिळाली ती अवघी पाच. त्या पाच जणांतून धरणगावची खानदेश भिल्ल पलटण वाढत गेली.

परंतु माझ्या मते या पलटणीच्या इतिहासातील खरा महत्त्वाचा दिवस भरतीचा नव्हे. तो १८२७ सालचा, मालेगावचा आहे. पलटणीची पाहणी व्हावयाची म्हणून भिल्ल शिपाई कूच करून मालेगावच्या छावणीत आले. तेथे औट्रमची मूळची पलटण, तेविसावी देशी पायदळ, मुक्कामाला होती. तीत उच्चवर्णीय शिपाई पुष्कळ. जातीचा ताठा छावणीत गावापेक्षा कमी नसे, आणि भिल्ल म्हणजे त्यांच्या दृष्टीने कालचे दरोडेखोर व पिढ्यान्‌पिढ्यांचे हीन. ते कुचेष्टा करतील, निदान तोंडे फिरवतील, अशीच अपेक्षा होती. घडले ते वेगळेच. त्या शिपायांनी भिल्लांना मित्रासारखे बोलावले, आपल्यात बसवून घेतले, खाऊ घातले आणि लहानथोर सारे त्यांच्याशी बोलत राहिले. औट्रमने लिहून ठेवले आहे की, परत आल्यावर त्याच्या भिल्लांचा आनंद गगनात मावेना. या आपल्या भावांच्या बरोबरीस येईपर्यंत आम्हास कवायतीत विसावा देऊ नका, असे ते विनवू लागले.

ही साक्ष स्वतः औट्रमची, म्हणजे हितसंबंध असलेल्या साक्षीदाराची, हे मी विसरत नाही. आपल्या हातून घडलेल्या कामाचे वर्णन माणूस थोडे रंगवूनच करतो. परंतु रंग बाजूस काढला तरी एक गोष्ट उरते. त्या दिवशी जे घडले ते कोणत्याही हुकुमात नव्हते. सरकारने भिल्लाला बंदूक दिली, पगार दिला, अंगरखा दिला. त्यास आपल्या मांडीला मांडी लावून बसविण्याचा हुकूम सरकारला देता आला नसता. ते काम सोबतच्या शिपायांनी केले. फौजेत माणूस भरती करणे एक आणि तो फौजेचा होणे एक. या दोहोंतील अंतर त्या दिवशी साध्या शिपायांनी तोडले.

खानदेशच्या यशावरून माळव्यातही तसाच प्रयोग झाला. १८४० च्या आगेमागे माळवा भिल्ल पलटण उभी राहिली. पुढे तिचे ठाणे मही नदीकाठी सरदारपूर येथे होते. सरदारपूर आज धार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. हेतू खानदेशासारखाच होता : डोंगरातील तरुणास उद्योग द्यावा आणि त्याच्याच हातून डोंगराचा बंदोबस्त ठेवावा.

या पलटणीची परीक्षा १८५७ च्या जुलैत झाली. १ तारखेस इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, त्या वेळी या पलटणीची तुकडी तेथे हजर होती. ती लढावयास उठली नाही. त्याच आठवड्यात अमझेऱ्याचे राव बख्तावरसिंग यांच्या माणसांनी सरदारपूरजवळील भोपावरच्या ठाण्याकडे मोर्चा वळविला, तेव्हा तेथील भिल्ल शिपाई जागा सोडून डोंगरात निघून गेले. इंग्रज अधिकारी हचिन्सन कुटुंबासह झाबुव्याच्या आश्रयास गेला. पुढे १० फेब्रुवारी १८५८ रोजी बख्तावरसिंगांना इंदूर येथे फाशी देण्यात आले, आणि अमझेऱ्याचे राज्य नाहीसे झाले.

इंग्रज इतिहासकारांनी या शिपायांवर भित्रेपणाचा शिक्का मारला. आरोपीची बाजू मांडणे हा माझा व्यवसाय असल्याने मला येथे दोन शब्द बोलावेसे वाटतात. ते शिपाई शत्रूस मिळाले नाहीत. त्यांनी आपल्या अधिकाऱ्याचा घातही केला नाही. ते घरी गेले. ज्या घरात आपण मनाने कधी राहिलोच नाही त्याला आग लागली असता माणूस जे करतो तेच त्यांनी केले. तेथे कोण कोणासाठी लढत होते? एका बाजूस परके सरकार, दुसऱ्या बाजूस रजपूत ठाकूर, तिसऱ्या बाजूस धारचे भाडोत्री शिपाई. यांतील कोणीही भिल्लास आपला म्हटलेले नव्हते. त्यांना भरती करणारे भेटले होते. त्यांच्याबरोबर बसणारे कोणी भेटल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

याच वेळची दुसरी कहाणी अधिक दुःखद आहे. सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची रखवाली करणारा खाज्या नाईक हा भिल्ल अनेक वर्षे सरकारी पोलिसांत इमानाने राबला. पुढे एका इसमाच्या मृत्यूबद्दल त्यास शिक्षा झाली आणि त्याची चाकरी गेली. सुटून आल्यावर त्याने पुन्हा सरकारची चाकरी धरली खरी. पण १८५७ साली तोच खाज्या भीमा नाईकासह बंडाचा पुढारी झाला आणि ज्या घाटाची त्याने राखण केली त्याच रस्त्यावरचा सरकारी खजिना त्याने लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत कित्येक भिल्ल पडले. त्या मोहिमांत सरकारच्या बाजूने खानदेश भिल्ल पलटणीचे शिपाईही होते. म्हणजे भिल्लावर भिल्लाने बंदूक रोखली. मालेगावची ती पंगतही शेवटी या कामी आली, हे इतिहासाने आपणापासून लपविलेले नाही. म्हणून बंधुभावाची महती गाताना तो कशासाठी वापरला जातो याकडेही डोळस राहिले पाहिजे. खाज्या स्वातंत्र्यवीर म्हणून आज स्मरला जातो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात चाकरीत एकटा पडलेला एक रखवालदारही दिसतो.

धामधूम संपल्यावर १८६१ सालचा पोलीस कायदा आला. खानदेशची पलटण १८९१ साली मोडून तिची माणसे जिल्हा पोलिसांत घेण्यात आली. माळव्याची पलटण विसाव्या शतकाच्या आरंभी लष्करी पोलिसांची तुकडी होऊन इंदुरास गेली. मध्य प्रदेशाच्या विशेष सशस्त्र दलाची इंदूरची पहिली तुकडी आपली वंशावळ तिच्यापर्यंत नेते. १९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, आणि एका गावातले दोन पोलीस अखेर एक झाले. कागदावरचा भेद कागदाने मिटला.

माणसांतील भेदाचे काय? घटनेने नोकरीत समान संधी दिली आणि अनुसूचित जातिजमातींसाठी जागा राखल्या. पुढे स्त्रियांसाठीही जागा राखल्या गेल्या. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. तेथील ठाण्यात भिल्लाचा मुलगा किंवा मुलगी खाकी घालून उभी असावी, याहून स्वाभाविक काय? पण हा झाला पाच माणसांच्या भरतीचा भाग. मालेगावचा भाग कोण करणार?

येथे कायदा थोडा आडवा येतो, असे पुष्कळांना वाटते. घटनेचे ३३ वे कलम संसदेस पोलिसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा देते. त्यानुसार १९६६ साली पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचे आंदोलन झाले आणि ते मोडून काढण्यात आले. दिल्लीतील पोलीस संघटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८६ साली न्यायालयाने हे निर्बंध वैध ठरविले. हातात शस्त्र असलेल्या माणसाने संप करू नये, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण तो कायदा नीट वाचावा. कामगार संघ आणि राजकीय संघटना त्याने वर्ज्य केल्या आहेत. दलानेच मान्य केलेल्या, किंवा निव्वळ सामाजिक, मनोरंजनात्मक अथवा धार्मिक स्वरूपाच्या मंडळांना मात्र त्याने दार बंद केलेले नाही. कायद्याने भांडण्यासाठी एकत्र येणे रोखले. सोबतीसाठी एकत्र येणे रोखलेले नाही. ते दार उघडे आहे आणि त्यातून आत जाणारे थोडे आहेत, एवढेच.

१९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ मधील आपल्या पहिल्याच अहवालात साध्या शिपायाच्या दैन्याकडे लक्ष वेधले होते. परदेशांतही हा धडा सुखाने शिकला गेला नाही. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला आणि पोलिसांचा तपास फसला. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीस दलाच्या रीतीभातीतच वर्णद्वेष मुरला असल्याचे स्पष्ट सांगितले. त्या अहवालापूर्वीच, १९९४ साली, लंडनच्या कृष्णवर्णीय पोलिसांनी परस्परांस आधार देण्यासाठी आपले मंडळ स्थापिले होते. पुढे स्त्रियांची, निरनिराळ्या धर्मीयांची, हिंदूंचीसुद्धा, अशी मंडळे तेथील दलात झाली. त्यांनी सारे दोष गेले असे कोणी म्हणणार नाही. पण एकट्या पडलेल्या शिपायास आपले गाऱ्हाणे सांगावयास एक उंबरठा मिळाला.

काही वर्षांपूर्वी माळव्यातील एका न्यायालयात कामानिमित्त गेलो असता एक प्रसंग पाहिला. एक वृद्ध भिल्ल स्त्री साक्षीसाठी आली होती आणि भेदरून भिंतीशी बसली होती. हिंदीत विचारलेले तिला उमगेना. तेव्हा एक तरुण शिपाई पुढे झाला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या बोलीत हळूहळू बोलू लागला. बाईच्या चेहऱ्यावरची भीती उतरली. साक्ष सुरळीत झाली. बाहेर आल्यावर त्याच्या सोबत्यांपैकी एकजण हसून म्हणाला, “याची मावशी भेटली याला!” बाकीचेही हसले. तो तरुण हसला नाही. त्याने टोपी नीट केली आणि तो दूर जाऊन उभा राहिला. ज्या गुणामुळे त्या दिवशी न्याय झाला, त्याच गुणाची ती थट्टा होती. त्या हसणाऱ्यांत दुष्ट कोणी नव्हता. त्या तरुणाजवळ जाऊन उभा राहणाराही कोणी नव्हता. आणि सांगावयास लाज वाटते, मीही गेलो नाही.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले व मुली आज निरनिराळ्या सरकारी खात्यांत आहेत, पोलिसांतही आहेत. त्यांच्या ठाण्यात, त्यांच्या भोजनगृहात कोणी तरुण वेगळ्या बोलीचा आहे म्हणून, कोणी मुलगी एकटीच स्त्री आहे म्हणून कोपऱ्यात ताट घेऊन बसत असेल. त्यासाठी नवा कायदा व्हावयास नको, आयोगाची वाट पाहावयास नको. मालेगावच्या शिपायांपाशी यांतले काहीच नव्हते, आणि जातीचा धाक तर आजच्याहून कितीतरी कडक होता. त्यांनी थोडे सरकून जागा केली.

देवासच्या टेकडीवर लोक आजही दोन्ही मातांचे दर्शन घेऊनच उतरतात. खालची दोन राज्ये गेली, त्यांचे दोन पोलीस गेले. वर एकीचे दर्शन घेऊन दुसरीस न विसरणाऱ्या भाविकास खाली, आपल्याच ठाण्यातल्या, आपल्याच कचेरीतल्या परक्याची आठवण राहिली, तर त्याची प्रदक्षिणा पुरी झाली असे मी म्हणेन.